'पाठलाग' : ओळखीचा पुरावा आणि रहस्यपटाचे रूपांतर

रहस्यपटाला अभिजात म्हणताना समीक्षा सहसा कचरते. रहस्य एकदा उलगडले की त्या कृतीत पुन्हा पाहण्याजोगे काय उरते, हा प्रश्न या संकोचाच्या मुळाशी असतो. राजा परांजपे दिग्दर्शित 'पाठलाग' (१९६४) हा मराठी चित्रपट या प्रश्नाच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला होता. पुढे १९६५ मध्ये तमिळमध्ये 'इदय कमलम्' आणि १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' अशी त्याची रूपांतरे झाली. एकच रहस्य तीन वर्षांत तीन भाषांतील प्रेक्षकांसमोर आले आणि तिन्हीकडे स्वीकारले गेले. केवळ कथानकाच्या कलाटणीने हे घडले, असे म्हणणे अपुरे आहे. या कथेच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न रहस्याहून मोठा आहे. एखाद्या स्त्रीने आपण कोण आहोत हे सिद्ध करायचे तर तिच्यापाशी कोणता पुरावा असतो, हा तो प्रश्न होय.

कथेचा गाभा थोडक्यात असा. कायद्याच्या व्यवसायातील एका प्रतिष्ठित पुरुषाची पत्नी मरण पावते. तिचे अंत्यसंस्कारही होतात. त्यानंतर पोलिसांच्या हाती एक गुन्हेगार स्त्री लागते. तिचा चेहरा हुबेहूब त्या मृत पत्नीचा असतो आणि आपणच ती पत्नी आहोत असे ती ठामपणे सांगते. प्रकरण न्यायालयात उभे राहते. संसारातील खाजगी तपशील ती एकामागून एक सांगत जाते आणि पतीचा अविश्वास डळमळू लागतो. अखेरीस जुळ्या बहिणीचे अस्तित्व उघड होते. मरण पावली ती बहीण. पकडली गेली ती खरी पत्नी.

हा गाभा कादंबरीतून पडद्यावर येताना त्याचे स्वरूप मुळातून बदलते. कादंबरीत 'ती हुबेहूब तशीच दिसत होती' हे एक विधान असते. वाचक ते निवेदकाच्या भरवशावर स्वीकारतो किंवा नाकारतो. चित्रपटात तसे विधान करावे लागत नाही. एकच अभिनेत्री दोन्ही रूपांत समोर उभी असते. 'पाठलाग'मध्ये भावना यांनी ही दुहेरी भूमिका केली. येथे प्रेक्षक स्वतःच साक्षीदार होतो. त्याने मृत्यूही पाहिलेला असतो आणि हा चेहराही. कॅमेरा कोठेही खोटे बोलत नाही, आणि तरीही प्रेक्षक फसतो. साम्य म्हणजे ओळख नव्हे, हे दाखवण्याची अशी सोय शब्दमाध्यमात नाही. दुहेरी भूमिका ही एरवी लोकप्रिय चित्रपटातील करामत मानली जाते. येथे ती आशयाची गरज आहे.

शीर्षकांचा प्रवासही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 'आशा परत येते' या नावात विशेषनाम आणि भाव यांचा श्लेष आहे. शिवाय ते रहस्याचे उत्तर जवळजवळ सांगूनच टाकते. 'पाठलाग' हे नाव उत्तर दडवते. कोण कोणाच्या मागे लागले आहे, हे त्यातून कळत नाही. 'इदय कमलम्' म्हणजे हृदयकमळ. तेथे नायिकेचे कमला हे नाव गुंफून शीर्षक पुन्हा प्रीतीकडे वळते. 'मेरा साया'त बोलणारा 'मी' कोण, पती की पत्नी, हे संदिग्ध राहते. कादंबरी परतण्याविषयी, मराठी चित्रपट माग काढण्याविषयी आणि हिंदी चित्रपट मागे उरलेल्या सावलीविषयी बोलतो.

'पाठलाग'ची घडण ज्या हातांनी झाली तेही लक्षात घ्यावयास हवे. राजा परांजपे यांची ख्याती मुख्यतः 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' (दोन्ही १९५२) किंवा 'जगाच्या पाठीवर' (१९६०) यांसारख्या मध्यमवर्गीय जीवनातील विनोद व करुणा टिपणाऱ्या चित्रपटांमुळे झालेली. घर, घरातील माणसे, त्यांची बोलण्याची रीत ही त्यांची सामग्री. भय निर्माण करण्यासाठीही त्यांना याच सामग्रीचा उपयोग झाला, कारण या कथेतील भय भुताखेतांचे नाही. ओळखीचे घर एकाएकी अनोळखी वाटू लागणे, हे ते भय आहे. काशीनाथ घाणेकर हे नायकाच्या भूमिकेत होते. 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) या नाटकातील संभाजीमुळे रंगभूमीवर गाजलेला हा नट. ग. दि. माडगूळकर यांची गीते, दत्ता डावजेकर यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर यांतून आलेले, नजरेला पाखरांचे रूप देणारे गीत हे या चित्रपटातील स्मृतीचे वाहन आहे. हिंदीत मदन मोहन यांचे संगीत, राजा मेहदी अली खाँ यांचे शब्द आणि लता मंगेशकर यांचा आवाज सावलीच्या प्रतिमेतून हेच काम करतात. दोन्ही ठिकाणी गीत हा कथेतील विसावा नाही. शरीर नाहीसे झाल्यावरही सोबत टिकते, असा दावा ते करते. आणि न्यायालयात तपासला जातो तो नेमका हाच दावा.

ओळखीच्या खटल्याची परंपरा तौलनिक अभ्यासकांना अपरिचित नाही. १५६० साली तुलूझ येथे चाललेला मार्तां गेर याचा खटला किंवा डाक्क्याच्या जिल्हा न्यायालयात १९३६ मध्ये निकाल लागून १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये संपलेले भवाल संन्याशाचे प्रकरण ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. मराठी मनाला अधिक जवळचे उदाहरण सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे. पानिपतानंतर (१७६१) भाऊ म्हणून उभा राहिलेला तो इसम चौकशीअंती खोटा ठरला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकर यांनी या विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचे निधन अखेरपर्यंत मान्य केले नाही आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत.

या सर्व प्रकरणांत परत येणारा पुरुष आहे आणि त्याला ओळखण्याची वा नाकारण्याची वेळ पत्नीवर येते. पुरुषाच्या दाव्यामागे जमीन, जहागीर वा दौलत असते. म्हणून त्याच्यासाठी कागद, साक्षीदार, पक्ष उभे राहतात. 'पाठलाग'ची कथा ही मांडणी उलटवते. येथे परत येणारी स्त्री आहे, आणि तिचा दावा आहे तो आपल्याच घरावर. तिच्यापाशी दस्तऐवज नाही. आहे ते संसाराचे ज्ञान : पतीच्या सवयी, दोघांनाच ठाऊक असलेले प्रसंग. या ज्ञानाला प्रतिष्ठा द्यायची की नाही हे ठरवणारा पुन्हा तिचा पतीच. 'मेरा साया'त तर तोच वकील म्हणून तिची उलटतपासणी घेतो. साक्षीदार, प्रतिपक्ष आणि सर्वस्व एकाच पुरुषाच्या ठायी एकवटल्यामुळे त्या न्यायालयीन दृश्यांना जी धार येते, ती रहस्य ठाऊक असतानाही बोथट होत नाही.

रूपांतरात काय बदलले आणि काय टिकले, याचे उत्तरही पुराव्यातच सापडते. 'इदय कमलम्'चे निर्माते एल. व्ही. प्रसाद हे मूळचे तेलुगू, कार्यक्षेत्र मद्रास; भाषांच्या सीमा ओलांडणे हा त्यांच्या चित्रपटव्यवसायाचा स्थायीभावच होता. हिंदीत राज खोसला यांनी ही कथा 'वह कौन थी?' (१९६४) आणि 'अनीता' (१९६७) यांच्यामधल्या काळात केली. तिन्हीत नायिका साधना. कृष्णधवल मराठी चित्रपटाच्या जागी रंग आले, कथा राजस्थानात गेली, नायक ठाकूर झाला, उदयपूरच्या तलावातील महालात गाणे चित्रित झाले. बहिणीचे नाव निशा आणि टोळीतील नाव रैना. दोन्हींचा अर्थ रात्र. दरोडेखोरांच्या टोळीला त्या भूगोलात सहज जागा मिळाली. वास्तू, वेष, भूदृश्य सारे पालटले.

पण एक खूण राहून गेली. 'मेरा साया'तील नायिका सर्व प्रश्नांतून पार पडते आणि अडते ती मंगळसूत्राच्या प्रश्नापाशी. त्याचे समाधानकारक उत्तर तिला देता येत नाही. राजपूत घरातील सौभाग्याची परंपरागत चिन्हे म्हणजे चुडा, बोर, सिंदूर. काळ्या मण्यांचे मंगळसूत्र ही मुख्यतः दख्खनेची खूण. चित्रपटाची पटकथा ग. रा. कामत या मराठी लेखकाची होती, हे येथे आठवावे. उदयपूरच्या महालात वावरणाऱ्या या कथेचे कुळ तो दागिना सांगून जातो. पार्वतीबाईंच्या बाबतीत जे चिन्ह पतीच्या अस्तित्वावरील श्रद्धेचे होते, ते येथे पत्नीच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून मागितले जाते. सारे ज्ञान असूनही केवळ एका दागिन्याचा हिशेब न लागल्याने स्त्री खोटी ठरू शकते, यातील क्रौर्य चित्रपट उच्चारत नाही. दाखवतो मात्र स्पष्टपणे.

या कथेची मर्यादाही येथेच आहे. जुळ्या बहिणीचा उलगडा प्रश्न सोडवतो तसा तो टाळतोही. मरते ती चुकलेल्या वाटेची बहीण, वाचते ती कुलीन पत्नी. त्यामुळे नीतीची घडी विस्कटत नाही. पतीने नाकारले त्याबद्दल त्याला जाब द्यावा लागत नाही, कारण चूक नियतीची ठरते. बहीण नसतीच, तर या स्त्रीचे काय झाले असते, हा प्रश्न तिन्ही चित्रपट विचारत नाहीत. तरीही सत्य अखेर न्यायालयाबाहेर, तिच्या स्वतःच्या कथनातून उलगडते, ही बाब नोंदवण्याजोगी आहे. कायद्याच्या भाषेत जे मावले नाही त्याला गोष्टीत जागा मिळते.

आज हिंदी रूप सर्वपरिचित आहे. त्याची गाणी देशभर ऐकली जातात. मराठी मूळ मात्र महाराष्ट्राबाहेर फारसे कोणी पाहिलेले नाही, आणि त्याचा उल्लेख बहुधा 'मेरा साया'च्या ओघात येतो. चेहरा तोच, कहाणी तीच, पण घर दुसरीच्या नावे, अशी काहीशी अवस्था या चित्रपटाची स्वतःचीच झाली आहे. रूपांतराच्या अभ्यासात मूळ कृतीला आपले मूळपण सिद्ध करावे लागते, तेव्हा तिच्या बाजूने बोलतात ते असे बारीक तपशीलच. उदयपूरच्या महालातले एक मंगळसूत्र त्यांपैकी एक होय.