केल्मस्कॉट : ग्रामनाम, ग्रामेतिहास आणि साहित्यकृती

ऑक्सफर्डशायरच्या पश्चिम सीमेजवळ, थेम्स नदीच्या उत्तर तीरावर केल्मस्कॉट हे लहानसे खेडे वसलेले आहे. विल्यम मॉरिस हा १८७१ पासून १८९६ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तेथील एका जुन्या दगडी घराचा भाडेकरू होता, आणि गावच्या चर्चच्या आवारातच त्याचे दफन झाले. परिणामी केल्मस्कॉटचा इतिहास म्हणजे मॉरिसच्या पंचवीस वर्षांचा वृत्तांत, असे समीकरण रूढ झाले. हे समीकरण गावावर अन्याय करतेच. परंतु मॉरिसच्या साहित्याच्या आकलनासही ते बाधक ठरते.

ग्रामनामाचा विचार येथे उद्बोधक आहे. १२३४ साली 'केल्मेस्कोट' असे आढळणाऱ्या या नामाचे पूर्वपद 'केनहेल्म' हे प्राचीन इंग्रजी व्यक्तिनाम असून उत्तरपद 'कॉट' म्हणजे झोपडी किंवा साधे घर होय. याच नदीकाठावरील बस्कॉट आणि रॅडकॉट या नामांतही तेच उत्तरपद आहे. हे पद बहुधा दुय्यम व आश्रित वस्तीचे द्योतक असते. धर्मव्यवस्थेतही केल्मस्कॉट दीर्घकाळ ब्रॉडवेल या पॅरिशच्या अधीन होते. मूळ गाव आणि त्याची वाडी यांमधील नात्याशी या संबंधाची तुलना करता येईल.

मॉरिसच्या घरास लाभलेले 'मॅनर' हे बिरुद मात्र एकोणिसाव्या शतकातील आहे. इ. स. १६०० च्या सुमारास बांधलेले ते घर जहागीरदाराचा वाडा नसून टर्नर या सधन शेतकरी कुटुंबाचे निवासस्थान होते. पुढे मॉरिसने हॅमरस्मिथ येथील आपल्या घरास व १८९१ मध्ये स्थापिलेल्या मुद्रणालयासही याच गावाचे नाव दिले. झोपडीवाचक नाम अशा रीतीने बहुमोल ग्रंथांची मुद्रा बनले.

१८९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' या कादंबरीतील प्रवास हॅमरस्मिथपासून थेम्सच्या प्रवाहाविरुद्ध निघून याच घराशी थांबतो. मॉरिसच्या मुद्रणालयाने काढलेल्या आवृत्तीत प्रारंभी याच घराचे चित्र असल्याने स्थलनिश्चितीबाबत संदेह उरत नाही. कादंबरीत गवत कापणीचा हंगाम हा आनंदोत्सव आहे. इतिहासात मात्र नदीच्या पुराने सुपीक होणारी कुरणे हे अशा गावांचे धन होते. गुरांचा हिवाळ्यातील चारा त्यांवर अवलंबून असे. म्हणूनच त्यांवरील हक्क, खंड आणि मजुरी यांचे प्रश्न तेथे तीव्र असत. मॉरिसच्या स्वप्नसृष्टीत या प्रश्नांना स्थान नाही, असा आक्षेप त्यामुळे सहज संभवतो.

तथापि कादंबरीचा शेवट या आक्षेपास उत्तर देतो. चर्चमध्ये मेजवानी मांडलेली असताना निवेदक सोबत्यांना दिसेनासा होतो. तो बाहेर पडतो तेव्हा त्यास वाटेत एक मनुष्य भेटतो. वय पन्नाशीच्या फारसे पुढे नसूनही तो जराजर्जर झालेला आहे. पाठ वाकलेली, पाय लंगडत चाललेले, अंगावर चिंध्या. निवेदकास पाहताच तो अदबीने टोपीस हात लावतो. या लाचार नमस्कारात मजुरी, खंड आणि मालकी यांचा सारा इतिहास सामावलेला आहे. उत्सवातून वगळलेला गाव येथे एका देहाच्या रूपाने परत येतो. हा प्रसंग केवळ स्वप्नभंगाची युक्ती मानणाऱ्या वाचनातून कादंबरीचे मर्म निसटते. कारण ज्या श्रमिकाच्या मुक्तीसाठी हे स्वप्न रचले, तो स्वप्नाच्या बाहेरच उभा आहे.

व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या ग्रंथमालेच्या ऑक्सफर्डशायरविषयक सतराव्या खंडात (२०१२) केल्मस्कॉटचा इतिहास स्वतंत्रपणे मांडला गेला आहे. जमीनधारणा, शेती, चर्च आणि लोकजीवन यांच्या अशा निरूपणात मॉरिस हा अनेक रहिवाशांपैकी एक ठरतो. यात त्याची अप्रतिष्ठा नाही. केनहेल्म कोण होता, हे नामापलीकडे अज्ञात आहे. टोपीस हात लावणाऱ्या मजुरास तर कादंबरीतही नाव नाही. या दोघांसह मॉरिसचे वाचन केले, तरच त्याच्या स्वप्नाचे मोल कळते.