बेटावरचा शब्द बाहेर का येत नाही? जॉन रॉस यांच्या प्रबंधाची एक तपासणी

मागच्या व्याख्यानात आपण व्याकरणाचा नियम आणि कायद्याचा नियम यांतला फरक पाहिला. आज एकच पुस्तक घेऊ. जॉन रॉस यांनी १९६७ साली एमआयटीत लिहिलेला प्रबंध. वाक्यरचनेतल्या बंधनांवरचा हा प्रबंध पुढे १९८६ साली पुस्तकरूपानं आला. त्यात काय टिकतं आणि काय टिकत नाही, एवढंच तपासायचं आहे.

आधी मूळ मुद्दा. इंग्रजीत 'जॉन बॉट अ बुक' असं वाक्य आहे. पुस्तकाबद्दल प्रश्न विचारायचा, तर 'व्हॉट डिड जॉन बाय?' असं म्हणावं लागतं. 'व्हॉट' हे खरं तर 'बाय'चं कर्म, पण बसलंय वाक्याच्या तोंडाशी. चॉम्स्की यांच्या परंपरेत याला स्थलांतर म्हणतात: शब्द आपल्या जागेवरून उठतो आणि पुढे जातो. किती लांब जातो? वाटेल तितका. 'व्हॉट डू यू थिंक मेरी सेड जॉन बॉट?' इथे त्यानं दोन उपवाक्यं ओलांडली, तरी कुणाची तक्रार नाही.

आता हे पाहा: 'व्हॉट डू यू नो द मॅन हू बॉट?' अंतर कमीच आहे, पण इंग्रजी बोलणारा माणूस हे वाक्य ऐकताच मान हलवतो. म्हणजे अडचण अंतराची नाही, ओलांडलेल्या कुंपणाची आहे. 'द मॅन हू बॉट' हे नाम आणि त्याला जोडलेलं उपवाक्य, दोन्ही मिळून एक बंदिस्त जागा होते. अशा जागांना रॉस यांनी 'बेटं' म्हटलं. बेटावरच्या शब्दाला बाहेर पडायला होडी नाही.

चॉम्स्की यांनी आधी एकच व्यापक अट सुचवली होती: मोठ्या पदाच्या पोटात त्याच जातीचं लहान पद असेल, तर नियम मोठ्यालाच लागू व्हावा. रॉस यांनी दाखवलं की ही अट काही ठिकाणी नको तितकी कडक आहे आणि काही ठिकाणी ढिली. मग त्यांनी बेटांचे प्रकार एकेक करून मांडले. माझ्या मते प्रबंधाचं खरं मोल इथे आहे. 'असं म्हणत नाहीत' हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, तरी प्रत्येक इंग्रजी भाषिकाला ते माहीत असतं. जे कधी कुणी बोलतच नाही, त्याचं ज्ञान येतं कुठून? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तो इतक्या नेमकेपणानं त्याआधी क्वचितच कुणी विचारला होता.

आता शंका. ही वाक्यं अर्थाच्या दृष्टीनंच विचित्र असतील, तर स्थलांतराचा संबंध काय? इथे आपली मराठी साक्षीला येते. इंग्रजीत 'हू आर यू लुकिंग फॉर द बुक दॅट जॉन गेव्ह टु?' चालत नाही. मराठीत मात्र आपण बिनदिक्कत विचारतो, 'जॉननं कोणाला दिलेलं पुस्तक तू शोधतोयस?' प्रश्न तोच, अर्थ तोच. मग इंग्रजी का अडली? कारण मराठीत 'कोणाला' जागचा हललाच नाही. जो बेट सोडत नाही, त्याला होडी कशाला? हा पुरावा रॉस यांच्या बाजूनं जातो.

पण थांबा. 'कोणाला' काढून तिथे 'का' ठेवा: 'जॉननं का दिलेलं पुस्तक तू शोधतोयस?' देण्याचं कारण विचारायचंय, पण वाक्य कानाला खटकतं. 'कधी दिलेलं', 'कुठे दिलेलं' चालतं, 'का दिलेलं' चालत नाही. इथे तर काहीच हललेलं नाही! चिनी भाषेतही प्रश्नशब्द जागेवरच राहतो, आणि तिथला असाच फरक सी. टी. जेम्स ह्वांग यांनी १९८२ च्या प्रबंधात मांडला. त्यांचं उत्तर असं, की शब्द हलतो, पण अर्थाच्या पातळीवर, कानाला न कळता. आणि 'का' या शब्दाच्या वाटेत जास्त कडक अट उभी असते.

हे उत्तर हुशारीचं आहे. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं इथे सावध व्हावं. शब्द हलताना दिसला तर स्थलांतर, नाही दिसला तर अदृश्य स्थलांतर, असं म्हणत गेलो, तर सिद्धान्त खोटा ठरायची वाटच बंद होते. अदृश्य गोष्ट मानायला हरकत नाही. भौतिकशास्त्र तेच करतं. अट एवढीच, की त्या गोष्टीनं आपल्याला आधी ठाऊक नसलेलं काही सांगावं. चिनीवरून मराठीबद्दल अंदाज बांधता आला आणि तो खरा ठरला, तर ते श्रेय ह्वांग यांना द्यायलाच हवं. पण त्या अंदाजाला 'बंधन' पुरतं. 'हालचाल' लागतेच, असं त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरी अडचण 'अँड'ची. रॉस म्हणतात, जोडलेल्या दोन पदांपैकी एकातूनच शब्द बाहेर काढता येत नाही. पण 'व्हॉट डिड जॉन गो टु द स्टोअर अँड बाय?' सहज चालतं. हा अपवाद त्यांनी स्वतःच नोंदवला, हा त्यांचा प्रामाणिकपणा. मराठीत सांगायचं तर आपण 'दुकानात गेला आणि' म्हणत नाही, 'दुकानात जाऊन काय घेतलं?' म्हणतो. म्हणजे तो 'अँड' आपल्या 'ऊन'चं काम करतोय. निव्वळ रचना पाहून हे कळत नाही, अर्थाकडे पाहावं लागतं. बेटांच्या भिंती पूर्णपणे रचनेच्याच आहेत, हा दावा इथे सैल पडतो.

क्वाइन यांनी १९७० साली एक भेद केला होता: वर्तनाशी जुळणारा नियम वेगळा आणि वर्तनाला वाट दाखवणारा नियम वेगळा. त्या कसोटीवर माझा निष्कर्ष असा. बंधनं हा शोध आहे. स्थलांतर हे त्या शोधाचं एक वर्णन आहे. जेराल्ड गॅझ्डर यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की शब्द न हलवताही ही वाक्यं मांडता येतात. रिकाम्या जागेची खबर रचनेतून टप्प्याटप्प्यानं वर पोचवली की झालं. दोन वर्णनं जुळत असतील, तर त्यांपैकी कुठलं डोक्यात खरोखर चालतं, हे जुळण्यावरून ठरत नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो.

म्हणून रॉस वाचताना बेटांचा नकाशा जपून ठेवा. होडीची गोष्ट मात्र तपासत राहा. पुढच्या वेळेपर्यंत एक काम करा: 'का' कुठल्या उपवाक्यात चालतो आणि कुठे अडतो, याची दहा वाक्यं स्वतः रचून आणा. तिथून पुढे बोलू.