गिफ्ट, विष आणि 'कुठे दिली?'

आमच्या ॲपच्या जर्मन आवृत्तीत एक बटण भाषांतराविना राहून गेलं होतं: 'गिफ्ट'. जर्मनमध्ये या स्पेलिंगचा अर्थ विष. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये विषही आणि 'विवाहित'ही. रोमन अक्षरं तीच चार. फरक कळायला यंत्राकडे काही मार्ग नाही.

त्या बगमुळे मी मार्सेल मॉसचा 'गिफ्ट, गिफ्ट' हा छोटा लेख शोधून वाचला. १९२४ साली तो शार्ल आंद्लेर यांच्या गौरवग्रंथात आला, म्हणजे लेखही भेटच. मॉसचं म्हणणं असं: जुन्या जर्मानिक लोकांत भेट म्हणजे मुख्यतः पेय, आणि पाजणाऱ्याच्या मनात काय आहे याचा भरवसा नसे. म्हणून भेट आणि विष एकाच शब्दात.

वाचायला झकास. पण रूढ व्युत्पत्ती रुक्ष आहे. ग्रीक 'डोसिस' म्हणजे 'देणं', मग औषधाची मात्रा. त्याचं शब्दशः भाषांतर 'गिफ्ट'. मॉसला हे ठाऊक होतं. दानावरच्या त्याच्या गाजलेल्या निबंधात तळटीपेत तो हरकत घेतो: पंडिती शब्द रोजच्या बोलीत असा टिकतो का? मला ही हरकत पटत नाही. आपण उपदेशाचे डोस पाजतोच की! भाषांतराला नेमका हाच शब्द का निवडला, हा त्याचा दुसरा प्रश्न मात्र बिनतोड आहे.

माझी खरी तक्रार त्याच्या भराबद्दल आहे. तो पेयात रमतो. पण जुन्या इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे वधूमूल्य, अनेकवचनात लग्न. जर्मनमध्ये हुंडा म्हणजे 'मिटगिफ्ट', सोबत दिलेलं. स्वीडिश 'गिफ्ट' बाई मुळात 'दिलेली'. (आता पुरुषही 'गिफ्ट' असतात, हे बरं झालं.) पेल्यातल्या बिअरला मत नसतं, इथे दिली जाणारी वस्तू बोलू शकते. माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठे दिली?" ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अजून पार्सल निघालं नाही, काकू!"

बटणावर आता 'गेशेंक' आहे. तोही भेटीचाच शब्द, 'शेंकेन'वरून आलेला. 'शेंकेन'चा मूळ अर्थ: पेय ओतणं. इथे मॉसला एक गुण द्यावा लागतो.