एका संग्राहकाचा कबुलीजबाब

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन वस्तुसंग्रहालयाचे माजी संचालक टॉमस होव्हिंग यांचीं दोन पुस्तकें मीं नुकतींच लागोपाठ वाचलीं: 'किंग ऑफ द कन्फेसर्स' (१९८१) आणि 'मेकिंग द ममीज डान्स' (१९९३). दुसरें हातीं घेतलें त्या रात्रीं दिवा मालवावयास दोन वाजले, हें आधींच सांगून ठेवतों. कारण पुढील मजकूर वाचून हे ग्रंथ नीरस असावेत असा ग्रह कोणीं करून घेऊं नये.

पहिल्या पुस्तकाचा विषय वॉलरसच्या दंतांत कोरलेला बाराव्या शतकांतील एक क्रूस. मिमारा नांवाच्या गूढ संग्राहकानें तो झुरिकच्या एका बँकेंत ठेविला होता. ब्रिटिश म्यूझियमलाही तो हवा होता. पण तो कोठून आला हें मिमारा सांगेना, आणि तेवढ्यावर इंग्रजांचें घोडें अडलें. होव्हिंग तेव्हां संग्रहालयांत दुय्यम अधिकारी होते. त्यांनीं उत्तरावांचूनच १९६३ सालीं २ लक्ष पौंडांस तो मिळविला. कथनाची हातोटी अशी कीं, इंग्रज हरावे अशी इच्छा वाचकही धरूं लागतो. मीही धरली.

दुसरें पुस्तक संचालकपदाच्या दहा वर्षांचें, म्हणजे १९६७ ते १९७७ या काळाचें आहे. विश्वस्तांचे रुसवेफुगवे, धनिकांची मनधरणी, प्रदर्शनांची धामधूम या सर्वांस त्यांत भरपूर जागा आहे. जाहिरातीचा सोस मात्र कांहींसा अधिक. सामान्य माणसास संग्रहालयाच्या पायऱ्या चढावयास लावण्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. १९७० सालीं वेलास्केथचें 'हुआन दे पारेखा' हें चित्र लिलावांत सुमारें ५५ लक्ष डॉलरांस घेतलें, तो व्यवहार उघड होता.

परंतु ग्रंथाचा जीव आहे तो युफ्रोनिऑसच्या मद्यपात्रांत. सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीचें हें ग्रीक पात्र. ट्रॉयच्या युद्धांत पडलेल्या सार्पेडनचा देह निद्रा आणि मृत्यु हे दोघे बंधु उचलीत आहेत, मध्यें हर्मीस उभा आहे, असें चित्र त्यावर आहे. १९७२ सालीं संग्रहालयानें आपल्या जवळचीं प्राचीन नाणीं विकून १० लक्ष डॉलरांस तें घेतलें. विक्रेत्यानें बैरूटच्या एका गृहस्थाचें नांव मालक म्हणून पुढें केलें. होव्हिंग लिहितात कीं, असें अखंड पात्र इटलींतील एट्रुस्कन थडग्यांतून चोरून खणलेलें असणार, हें आपण तेव्हांच ताडलें होतें. ताडलें, आणि घेतलें! हें ते ज्या ऐटीनें सांगतात, तिचीच मला भीति वाटते. अपराध कबूल करणें निराळें व तो रंगवून सांगणें निराळें. पात्राच्या रेषांचें वर्णन करितांना त्यांची लेखणी खरोखर भक्तीनें थरथरते. पण त्या थडग्यांत आणखी काय होतें, कुदळीच्या घाईंत काय फुटलें, तें कोणाचें थडगें होतें, या गोष्टींविषयीं त्यांस कुतूहलही नाहीं. विद्वानास तें असावयास हवें होतें, आणि होव्हिंग प्रिन्स्टनचे पंडित होते.

हें सर्व परक्यांचें म्हणून आपण हंसून सोडूं शकलों असतों. पण तामिळनाडूंतील शिवपुरमच्या नटराजाची गोष्ट याच जातीची. दुरुस्तीस दिलेल्या मूर्तीऐवजीं देवळांत नक्कल परत आली आणि भाविक तिलाच हात जोडीत राहिले. खरी मूर्ति मध्यंतरीं मुंबईच्या एका संग्राहकाकडे होती; १९७३ सालीं नॉर्टन सायमन या अमेरिकन धनिकानें ती विकत घेतली, आणि हिंदुस्थान सरकारच्या दाव्यानंतर १९८६ सालीं ती परत आली. मुंबईच्या त्या दिवाणखान्यांतही पाहुण्यांनीं तिची तारीफ केली असेल. 'ही कोठून आणलीत?' असें किती जणांनीं विचारलें असेल?

युफ्रोनिऑसचें पात्र २००८ सालीं इटलीस परत गेलें. तें पाहण्यास होव्हिंग हयात होते. पुढील वर्षीं ते वारले. आतां तें चेर्वेतेरी गांवच्या लहानशा संग्रहालयांत आहे; त्याच परिसरांतील थडग्यांतून तें निघालें होतें.