काठी, हुंडा आणि हसू

जुन्या प्रेमविनोदी चित्रपटांविषयी रसिकांमध्ये दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे तो काळ निराळा होता. आजच्या कसोट्या त्याला लावू नयेत, हसावे आणि सोडून द्यावे. दुसऱ्या मताप्रमाणे ज्या कथेत नवरा बायकोला धाकात आणतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात, ती कथा कितीही गोड असली तरी तरुण पिढीपुढे ठेवण्याजोगी नाही. पहिले मत सोयीचे आहे, दुसरे सद्भावनेचे आहे. मात्र या दोन्ही मतांत प्रत्यक्ष चित्रपट नीट पाहण्याचे राहून जाते, असे आम्हांला वाटते. म्हणून येथे आम्ही एकच चित्रपट निवडला आहे. जॉन फोर्ड यांचा ‘द क्वाएट मॅन’ (१९५२) हा लोकप्रिय प्रेमविनोदी चित्रपटांपैकी बहुधा सर्वांत कॅथलिक वातावरणाचा चित्रपट. गावच्या धर्मगुरूंच्याच तोंडून तो सांगितला जातो. आणि विवाहाविषयीच्या आपल्या आजच्या जाणिवेला सर्वांत जड जाणारे दृश्यही त्यातच आहे.

फोर्ड यांचा जन्म १८९४ साली अमेरिकेत, आयरिश स्थलांतरितांच्या घरी झाला. मॉरिस वॉल्श यांची मूळ कथा १९३३ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये प्रसिद्ध झाली. फोर्ड यांनी तिचे हक्क त्याच दशकात घेतले. पण तिच्यावर पैसा लावणारी चित्रसंस्था मिळेपर्यंत कितीतरी वर्षे लोटली. अखेर रिपब्लिक पिक्चर्स तयार झाली, तीही आधी त्याच प्रमुख जोडीचा ‘रिओ ग्रांदे’ (१९५०) करून घेऊन. १९५१ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमधील मेयो परगण्यात, काँग गावाच्या परिसरात चित्रीकरण झाले. या चित्रपटाने फोर्ड यांना दिग्दर्शनाचे चौथे ऑस्कर मिळवून दिले. विंटन होक आणि आर्ची स्टाउट यांना छायालेखनाचे मिळाले. त्या हिरव्या कुरणांकडे पाहिले की इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेचा अर्थ कळतो. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबातील मुलाने आईवडिलांच्या गावाचे मनात जपलेले हे चित्र आहे. असे गाव प्रत्यक्षात कधी नसते, हे फोर्ड जाणून आहेत.

कथा साधी आहे. पिट्सबर्गमध्ये वाढलेला शॉन थॉर्नटन (जॉन वेन) हा मुष्टियोद्धा. त्याच्या ठोशाने प्रतिस्पर्धी रिंगणातच मेला, म्हणून पुन्हा हात न उचलण्याचा निश्चय करून तो इनिसफ्री या आपल्या जन्मगावी परततो आणि वाडवडिलांचे खोपट विकत घेतो. मेरी केट डॅनाहर (मॉरीन ओ’हारा) त्याच्या मनात भरते. तिचा भाऊ रेड विल हा गावचा दांडगा जमीनदार. बहिणीने आजवर त्याचेच घर सांभाळले आहे. भावाच्या संमतीवाचून लग्न होणे नाही. मग सारे गाव, फादर लोनर्गन यांच्यासह, त्याला फसवते : बहीण घराबाहेर पडली की श्रीमंत विधवा टिलेन तुझ्याशी लग्न करील, अशी समजूत करून देते. लग्न लागते, फसवणूक उघडकीस येते आणि विल बहिणीचा ३५० पौंडांचा हुंडा अडवून धरतो.

येथवर या चित्रपटाचा आनंद निर्भेळ आहे आणि तो आपल्याला विशेष ओळखीचा वाटतो. मिस्सा संपल्यावर शॉन चर्चच्या दाराशी ओंजळीत पवित्र पाणी घेऊन उभा राहतो, मेरी केट त्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करते आणि जवळजवळ पळूनच जाते. त्या एका कृतीत भक्ती किती आणि धिटाई किती, हे ठरवणे अवघड आहे. मुलीच्या कुटुंबाची मान मोडून बघणारी मर्यादा, घोडागाडीत दोघांनी पाठीला पाठ लावून बसणे, पुढे बसलेला मायकलीन फ्लिन हा मध्यस्थ (बॅरी फिट्झगेराल्ड) आणि त्याची पेयाकडे वळणारी नजर, हे सारे पाहताना मराठी वाचकाला देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकातला भद्रेश्वर दीक्षित आठवल्यावाचून राहणार नाही. फरक एवढाच, की भद्रेश्वराच्या मध्यस्थीत मुलीचे मन मोजलेच जात नाही. मायकलीन मात्र अगोदर मुलीचेच मन विचारायला जातो.

आता हुंड्याकडे वळू. मराठी माणसाच्या मनात हा शब्द उच्चारताच जळालेल्या सुना आणि कर्जबाजारी बाप उभे राहतात; आपल्या देशाने १९६१ मध्ये कायद्याने हुंडा बंद केला. शॉनलाही तो नको आहे. बायको मिळाली, पैसे घेऊन काय करायचे, हा त्याचा प्रश्न आपल्याला उदात्त वाटतो. मात्र मेरी केटची बाजू ऐकली की उदात्तपणाचा रंग थोडा फिका पडतो. तिच्या लेखी हे पैसे आणि आईकडून आलेले सामान म्हणजे आपल्याकडे ज्याला स्त्रीधन म्हणत आले ते आहे. ते हाती येईपर्यंत आपण या घराची मालकीण नव्हे, भावाच्या घरी होतो तशी मोलकरीणच आहोत, असे ती स्पष्ट सांगते. शॉनचे औदार्य तिच्या मालकीच्या वस्तूबाबतचे आहे आणि तिला न विचारता दाखवलेले आहे. हे भांडण पैशाचे नसून मान्यतेचे आहे, हे त्याला कळत नाही. तो भावाशी भिडत का नाही हे तिला कळत नाही, कारण रिंगणातल्या मृत्यूची गोष्ट त्याने बायकोला सांगितलेलीच नसते. गावात ती ठाऊक असते फक्त प्रॉटेस्टंट पाळक प्लेफेअर यांना. पतिपत्नींमधले मौन हाच या विनोदाचा खरा गाभा आहे.

आणि मग ते दृश्य येते. लाजेने घर सोडून डब्लिनची गाडी पकडणाऱ्या मेरी केटला शॉन स्थानकावरून खेचून काढतो आणि पाच मैल, कधी चालवत कधी फरफटत, भावाच्या दारी नेतो. मागे गावकऱ्यांची मिरवणूक जमते. एक बाई पुढे होऊन, या सुंदर बाईसाहेबांना बडवायला ही चांगली काठी, असे म्हणत त्याच्या हाती काठी देते. काठी वापरली जात नाही, हे खरे. पण ती पुढे केल्याचे हसू ज्या काळजाला सहज येते, त्या काळजाने तशी काठी वापरलेले घर जवळून पाहिलेले नसते, असे आम्ही म्हणू. या दृश्याचे समर्थन करण्याचे अनेक मार्ग चाहत्यांनी शोधले आहेत : ही लुटुपुटीची लढाई आहे, तीही त्याच्यावर हात उगारते, तिलाही हेच हवे असते. शेवटचा युक्तिवाद तर हिंसेच्या प्रत्येक प्रकरणात ऐकू येतो. तो आम्ही स्वीकारत नाही.

तरीही एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे होईल, आणि ती फोर्ड यांच्या रचनेतच आहे. ही फरफट दांपत्याचा समेट घडवून आणत नाही. समेट त्याआधीच झालेला असतो. मेरी केट नदीवर मासे पकडणाऱ्या फादर लोनर्गनांकडे जाते आणि संकोचाने, आयरिश भाषेत, नवऱ्याला दूर ठेवल्याचे सांगते. फादर तिची कानउघाडणी करतात. त्याच सुमारास शॉन प्लेफेअर यांच्याकडे मन मोकळे करतो. त्या रात्री शेकोटीपाशी दोघे स्वखुशीने जवळ येतात. म्हणजे एकमेकांवरील प्रेम जुळते ते बोलण्यातून; फरफटीने चुकता होतो तो केवळ गावापुढचा हिशेब. पुढे विल पैसे फेकतो, मेरी केट स्वतः भट्टीचे दार उघडते आणि शॉन ते पैसे आगीत टाकतो. पैसा हे निमित्त होते, हे दोघांनी मिळून जगाला सांगितले. चित्रपटातील हे सर्वांत सुंदर क्षणांपैकी एक. परंतु त्या भट्टीत एका स्त्रीची स्वतंत्र मिळकतही जळाली, हेही आजचा वाचक पाहिल्यावाचून राहणार नाही, आणि त्याने पाहावेच.

आपल्या ख्रिस्तसभेसाठी येथे एक अवघड प्रश्न आहे. त्या काळी अमेरिकी चित्रपटांवर जी आचारसंहिता लागू होती, तिच्या लेखनात डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. १९३४ पासून ती काटेकोरपणे राबवली गेली ती जोसेफ ब्रीन या कॅथलिक प्रापंचिकाकडून. विवाहसंस्थेचे पावित्र्य राखले जावे, असे तिचे स्पष्ट कलम होते. शयनगृहातील दृश्यांवर तिची करडी नजर असे. पण पत्नीला पाच मैल ओढत नेणे हे त्या पावित्र्याच्या आड आलेले दिसत नाही. याचे कारण त्या काळच्या धर्मविचारातही सापडते. पोप पायस अकरावे यांच्या ‘कास्ती कोनूबी’ (१९३०) या परिपत्रकात पतीचे श्रेष्ठत्व आणि पत्नीची आज्ञाधारकता यांचा पुरस्कार आहे. पत्नीची प्रतिष्ठा त्यामुळे हिरावली जात नाही, असा खुलासाही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये विवाहाला जीवनाची आणि प्रेमाची जिव्हाळ्याची भागीदारी म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये संत पौलाच्या इफिसकरांस पत्रातील अधीनता ही परस्परांची अधीनता आहे, असे स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’ (२०१६) मध्ये घरातील हिंसेचा नि:संदिग्ध निषेध केला. चित्रपट १९५२ मध्ये थांबला. ख्रिस्तसभा चालत राहिली. तो पाहताना आपण कोठून कोठवर आलो, हे मोजता येते.

मात्र इनिसफ्रीच्या लोकांना मागासलेले ठरवून आपण स्वस्थ बसावे, अशीही परिस्थिती नाही. भारतीय ख्रिस्ती घटस्फोट कायदा १८६९ चा. त्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखीही काही सिद्ध करावे लागे. हा भेद २००१ मधील दुरुस्तीने गेला. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा यायला २००५ साल उजाडले. १९५२ मधल्या आयरिश काठीला हसण्याआधी हे आठवलेले बरे.

मग हा चित्रपट पाहावा की नाही? आम्ही म्हणू, अवश्य पाहावा. जुन्या विवाहकथा कशा वाचाव्यात, याचा सराव कॅथलिक माणसाला उपासनेतच झालेला असतो. राहेलसाठी सात वर्षे राबलेल्या याकोबाच्या पदरी लाबान लेआ बांधतो, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा ऐकताना आपल्याला हसू येते आणि लेआची कीवही येते; म्हणून कोणी दोन बायका करायला निघत नाही. तोबिताच्या पुस्तकात तोबिया आणि सारा पहिल्या रात्री प्रार्थना करत असतात आणि सासरा रागुएल, हाही जावई मरणार म्हणून, गुपचूप खड्डा खणून ठेवतो. ही जोडी आपल्या विवाहविधीतील वाचनांत आजही आहे. कथेतील प्रेमाला आपण होकार देतो, तिच्यातील चालीरीतींना देत नाही. आणि दोन्ही एकाच कानाने ऐकतो.

‘द क्वाएट मॅन’लाही हीच रीत लावावी. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत तो दाखवला, तर चर्चेसाठी थांबण्याची जागा फरफटीचे दृश्य हीच आहे. मात्र तेथे शॉनपेक्षा त्याच्यामागून चालणाऱ्या गर्दीकडे बोट दाखवावे. पुढच्या मारामारीत तर मरणशय्येवरचा म्हातारा उठून धावत सुटतो, आणि ती थांबवणे आपले कर्तव्य आहे हे मान्य करूनही फादर लोनर्गन ती पाहायला निघतात. हा विनोद अस्सल आहे. आम्हीही त्याला पोटभर हसतो. परंतु त्याआधी, पाच मैलांच्या त्या वाटेवर, एका बाईला ओढत नेले जात असताना साऱ्या धर्मग्रामातून एकही माणूस आडवा आला नाही. जी एकटी पुढे आली, तिच्या हातात काठी होती. आपल्या वाड्यात, आपल्या चाळीत, भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा आपण त्या गर्दीत कोठे उभे असतो, हा प्रश्न त्या शिबिरातील तरुण-तरुणींना जरूर विचारावा. त्यानंतर दिवे मालवून चित्रपट पुढे सुरू करावा. शेवटी मेरी केट शॉनच्या कानात काहीतरी कुजबुजते आणि तो चकित होतो. ते शब्द फोर्ड यांनी प्रेक्षकांपर्यंत पोहोचू दिलेले नाहीत. त्या क्षणी तरी गाव ऐकत नाही, आणि दोघेच हसतात.