रोहिणीचे पाणी आणि दीड माणूस

धर्म नाहीसा झाला की युद्धे आणि दंगली थांबतील, असे आमचे विवेकवादी मित्र शिबिरांतून सांगतात. धर्म हा केवळ मुखवटा, खरे भांडण जमिनीचे आणि भांडवलाचे, असे आमचे डावे मित्र सांगतात. आणि जयंतीच्या व्यासपीठावरून आपले वक्ते तिसरेच सांगतात : जगातल्या सगळ्या धर्मांनी रक्त सांडले, बुद्धाच्या नावाने मात्र थेंबभरही सांडले नाही. सर्वांत जास्त टाळ्या या तिसऱ्या विधानाला पडतात. मीही त्या वाजवल्या आहेत. बी.ए.च्या वर्गात एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, मग श्रीलंकेत काय झालं?” तेव्हा घंटा वाजली म्हणून मी सुटलो. मास्तरकीत घंटेचे उपकार फार असतात.

या प्रश्नाकडे जाण्यासाठी आपल्याजवळ एक ग्रंथ आहे, आणि त्याची आपण पूजा जितकी केली तितकी चिकित्सा केली नाही. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची पारंपरिक कथा नाकारलेली आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये एकोणतीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदाच दिसावीत हे बुद्धीला पटत नाही, असे ते म्हणतात. त्यांच्या कथनात गृहत्यागाचे कारण आहे शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. या दिशेने मराठीत आधी धर्मानंद कोसंबी गेले होते, सुत्तनिपातातल्या अत्तदण्डसुत्ताच्या आधाराने. पण बाबासाहेबांनी त्या तंट्याला जो राजकीय आकार दिला तो सर्वस्वी त्यांचा आहे.

तो आकार नीट पाहावा. आधी दोन्हीकडच्या शेतावरच्या सेवकांची मारामारी होते, माणसे जखमी होतात. शाक्यांचा सेनापती संघापुढे युद्धाचा प्रस्ताव ठेवतो. सिद्धार्थ विरोध करतो, लवाद नेमा म्हणतो. ठराव बहुमताने फेटाळला जातो. सैन्यात यायला तो नकार देतो तेव्हा त्याला बजावले जाते की तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार पडेल आणि तुमच्या जमिनी जप्त होतील. ज्याने मराठवाड्यातले किंवा विदर्भातले एखादे खेडे पाहिले आहे, त्याला हे वाचून कपिलवस्तू आठवत नाही, आपला गाव आठवतो. दळण बंद, दुकान बंद, मजुरी बंद. बहिष्कृतांच्या नेत्याने बुद्धाला बहिष्काराच्या उंबरठ्यावर उभे केले, हे या ग्रंथाचे वाङ्मयीन सामर्थ्य आहे.

पण इथेच एक गोष्ट खटकते. 1936 साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ज्याने जातीच्या मुळाशी धर्मशास्त्राचे प्रामाण्य आहे, म्हणून ते प्रामाण्यच नष्ट करा, असे बजावले, ज्याच्या त्या मांडणीने घाबरून लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपली परिषदच रद्द केली, तोच लेखक वीस वर्षांनी एक युद्धकथा सांगतो आणि त्या युद्धात धर्म कुठेच नाही. पुरोहित नाही, देव नाही, शास्त्र नाही. आहे फक्त पाणी, बहुमत आणि सेनापती. मग खरे बाबासाहेब कोणते? 1936चे की 1956चे? आमचे विवेकवादी मित्र पहिले पुस्तक हातात धरतात, डावे दुसरे, आणि दोघांनाही आपण जिंकलो असे वाटते.

मला वाटते, हे उत्तर 20 मार्च 1927च्या महाडात आहे. तळे नगरपालिकेचे. ते अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने 1924 सालीच केलेला. लोक गेले, पाणी प्याले, परत फिरले. तोपर्यंत हल्ला झालेला नाही. मग गावात आवई उठवली गेली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, आणि लाठ्या बाहेर पडल्या. मंडपात जेवायला बसलेल्यांची डोकी फुटली. देवळात जायचे कुणाच्या मनातही नव्हते. भांडण पाण्याचे होते, पण पाण्यासाठी एवढा जमाव जमला नसता. जमाव जमवायला देऊळ लागले.

एवढ्यावर डावे मित्र म्हणतील, पाहा, मुखवटाच. पण पुढे ऐकावे. तळ्यातून घागरी भरून काढल्या, 108 मडक्यांतून शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले आणि पाणी शुद्ध झाले असे जाहीर केले. यात कुणाचा आर्थिक लाभ होता? गुरे त्याच तळ्यावर पाणी पीत होती, त्याने ते बाटत नव्हते. इथे धर्म मुखवटा नाही, तो चेहराच आहे. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते ही गोष्ट भांडवलाच्या कुठल्याही गणितातून निघत नाही. गंमत अशी, की डिसेंबर 1927 मध्ये हीच मंडळी कोर्टात गेली तेव्हा तळे आमच्या मालकीचे असा दावा त्यांनी केला. रस्त्यावर शास्त्र आणि कोर्टात मालकी! मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 1937 मध्ये तो दावा फेटाळला. धर्म आणि मालकी यांची इतकी सोयीस्कर अदलाबदल करणाऱ्यांना खरे कारण कोणते हे विचारून काय उपयोग? ज्या दारी जे चालेल ते त्यांनी पुढे केले.

आता त्या मुलीचा प्रश्न. ‘महावंस’ हा सिंहली बौद्धांचा पाली इतिहासग्रंथ, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातला, महानाम या भिक्खूचा. त्यात दुट्ठगामणी राजा अनुराधपुरावर राज्य करणाऱ्या तमिळ एळार राजाशी युद्ध करतो. भाल्यात बुद्धधातू बसवलेला, सैन्याबरोबर भिक्खू. विजयानंतर एवढी माणसे मेली म्हणून राजाला चैन पडत नाही. तेव्हा अर्हत येऊन त्याचे समाधान करतात. ते सांगतात, तुझ्या हातून फक्त दीड माणूस मेला. एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही. बाकीचे मिथ्यादृष्टीचे, पशूंच्या मोलाचे.

हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कारण हा हिशेब मला पाठ होता. मनुस्मृतीत तो आहे. गुन्हा एकच, पण मेलेला कोणत्या वर्णाचा यावर प्रायश्चित्त ठरते. ज्या हिशेबातून बाहेर पडण्यासाठी आमचा आजा 1956 नंतर मेलेली ढोरे ओढायचा थांबला, तोच हिशेब चीवर घालून समोर उभा होता.

श्रीलंकेतले तमिळांचे हत्याकांड ‘महावंसा’मुळे झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. ते आळशी विधान होईल. आपण नागपुरात दीक्षा घेतली त्याच 1956 साली तिथे सिंहली ही एकमेव राजभाषा करण्याचा कायदा झाला. पुढे 1970च्या दशकात विद्यापीठ-प्रवेशाचे नियम तमिळ मुलांना जड जातील असे बदलले. भांडण नोकऱ्यांचे आणि जागांचे होते. जुलै 1983 मध्ये कोलंबोत जमाव मतदारयाद्या घेऊन घरे शोधत फिरला. त्यांत तमिळ हिंदू जळाले, तमिळ ख्रिस्तीही जळाले. सिंहली ख्रिस्त्यांना कुणी हात लावला नाही. म्हणजे रेघ धर्माची नव्हती. पण हे बेट धम्माचे आणि म्हणून आमचे, बाकीचे उपरे, ही भावना कुठून आली? आणि ते जळताना शेजाऱ्याची झोप का उडाली नाही? तिथे दीड माणसाचा हिशेब कामी आला.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला तेव्हा माझे वडील अकरा वर्षांचे होते. आजा दोन एकर गायरान वाहत होता, ते एका बागायतदाराच्या डोळ्यांत सलत होते. घर पेटवणाऱ्यांत त्याचा मुलगा होता. त्या रात्री कुणीही देवाचे नाव घेतले नाही, असे वडील सांगतात. विद्यापीठाचे नाव मात्र घेतले, ज्यांनी ते कधी पाहिले नव्हते त्यांनीसुद्धा. धर्मांतराचा राग होता म्हणावे तर टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मातंग होते, त्यांनाही मारले. जमीन होती, शिष्यवृत्ती होती, जोहार न घालणारी मान होती. आणि घर जळाल्यावर त्याच महिन्यात देवळात श्रावणाचा सप्ताह नेहमीसारखा झाला. कुणालाही प्रायश्चित्त घ्यावेसे वाटले नाही. दुट्ठगामणीला निदान अर्हतांची गरज पडली होती.

धर्म आणि धम्म वेगळे, धम्म म्हणजे नीतीच, हा बाबासाहेबांनी केलेला भेद मला मान्य आहे. पण भेद ग्रंथात केल्याने तो विहारात आपोआप पाळला जात नाही. भिक्खुसंघाच्या आळसावर खुद्द बाबासाहेबांनी 1950 साली कडक टीका केली होती, ती आपले वक्ते सांगत नाहीत.

कुणाल जातकातली एक गोष्ट ग्रंथात यायला हवी होती असे मला नेहमी वाटते. दोन्ही सैन्ये समोरासमोर असताना बुद्ध विचारतात, भांडण कशाचे? राजांना माहीत नाही. ते सेनापतीकडे बोट दाखवतात, तो आणखी खाली. विचारत विचारत शेवटी शेतावरच्या दासांपर्यंत जावे लागते, तेव्हा कळते : पाण्याचे. मरायला निघालेल्यांत कारण ठाऊक असलेले तेवढेच.

त्या मुलीला ‘महावंसा’तल्या त्या प्रकरणांची झेरॉक्स दिली आहे. त्यात तिला हेही सापडेल की एळार न्यायी होता असे तोच ग्रंथ सांगतो, आणि त्याच्या समाधीपुढून जाताना वाद्ये थांबवावीत अशी आज्ञा दुट्ठगामणीनेच दिली होती. तिने अजून प्रती परत केलेल्या नाहीत.