पडद्यावरील मराठी अक्षर

ज्ञानदेवांनीं ज्या रेड्यामुखीं वेद वदविले, त्याची समाधि आळेफाट्यानजीक आळे गांवीं आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्याच फाट्यावर कांद्याचा मोठा बाजार भरतो. आणि शेतकऱ्याच्या हातीं पडणाऱ्या पट्टीवर १ चा ९ वाचला गेला तर काय अनर्थ होईल, हें वाचकांस सांगावयास नको. संगणकासाठीं अक्षर निवडतांना केवळ शोभेकडे पाहून भागत नाहीं, तें यामुळेंच.

पडदे सूक्ष्म झाले, तेव्हां कोणतेंही अक्षर आतां वाचनीय झालें, असा समज पसरत आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. अक्षराची खरी परीक्षा तें शेजारच्या अक्षराहून चटकन् वेगळें ओळखूं येतें कीं नाहीं, ही होय. हिब्रूंत दालेत व रेश यांत एका कोपऱ्याचा फरक. तो कोपरा गोल झाला कीं शब्द बदलला. बेने इस्राएल समाजासाठीं १८७४ सालीं पुण्यास निघालेल्या हग्गादेंत हिब्रू व मराठी एकत्र नांदल्या. पण दोन्ही लिपींच्या गरजा निराळ्या. हिब्रू अक्षरें, स्वरचिन्हें वगळल्यास, सुटीं उभीं राहतात. देवनागरीस वर मात्रा, खालीं उकार आणि शिवाय जोडाक्षरें. आज्ञा टंकून जेथें काम चालतें त्या टर्मिनलावर बहुधा सर्व अक्षरांस एकाच मापाची चौकट असते. हिब्रू तींत सुखानें बसते, मराठी जोडाक्षरें मात्र फुटतात किंवा एकमेकांवर चढतात. पडद्यावरील ठिपके वाढवून हा दोष जाणार नाहीं.

प्रा. र. कृ. जोशी यांनीं रेखिलेला ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर आला व मराठीस पडद्यावर घर मिळालें, हें ऋण मोठें आहे. परंतु त्यांतील अक्षरें आपापल्या रुंदीनें चालतात. टर्मिनलाच्या चौकटींत त्यांचा कोंडमारा होतो. ल व श यांचीं मराठी वळणें महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं निश्चित केलीं. संगणकांतील संकेतांक मात्र मराठीस व हिंदीस एकच. म्हणून मराठी वळण देणारा संच मुद्दाम शोधावा लागतो.

निवड करणारांनीं नमुन्यादाखल एखादें डौलदार सुभाषित पाहून भुलूं नये. घार-धार, भार-मार, खाना-रवाना हे शब्द लहान आकारांत वाचून पाहावे. जुन्नरच्या डोंगरांतील माणसानें ‘दऱ्या’ लिहावें आणि पडद्यानें त्यास ‘दर्या’ दाखवावा, असा संच कितीही देखणा असला तरी आम्ही तो त्याज्य समजतों.